खणखणीत नाणे : फुटबॉलपटू तोस्ताओ

१९७५ साली ब्राझीलमधील बेलो ओरिझोंते या शहरातील वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात अठ्ठावीस वर्षांचा एक विद्यार्थी येऊन बसू लागला. वर्गातील बहुतेक मुले-मुली त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान होती. चणीने बेताचा, बोलण्यात मोजका आणि वागण्यात संकोची असा हा विद्यार्थी इतरांप्रमाणेच प्रवेशपरीक्षा देऊन तेथे आला होता. त्याची ओळख मात्र वर्गात कोणाला करून द्यावी लागली नाही. पाच वर्षांपूर्वी मेक्सिकोमध्ये ब्राझीलने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा पेलेंच्या शेजारी आघाडीच्या फळीत तोच खेळला होता. त्या विजयानंतर साऱ्या देशाने त्याला डोक्यावर घेतले होते.

या विद्यार्थ्याचे नाव एदुआर्दो गोन्साल्व्हेस दे आंद्रादे. जग त्यांना तोस्ताओ या नावाने ओळखते. फुटबॉलच्या इतिहासात त्यांच्याहून अधिक गोल करणारे आणि अधिक पैसा मिळवणारे खेळाडू पुष्कळ झाले. परंतु हाती आलेले वैभव ऐन भरात असताना निसटले, आणि तरीही ज्यांनी आयुष्याचा हिशेब नव्या पानावर शांतपणे मांडला, असे खेळाडू विरळाच. म्हणूनच तोस्ताओंचे चरित्र फुटबॉलची गोडी नसलेल्या वाचकालाही काही देऊन जाते.

चवली-पावलीएवढे नाव

तोस्ताओंचा जन्म २५ जानेवारी १९४७ रोजी बेलो ओरिझोंते येथे झाला. हे शहर मिनास जेराइस या राज्याची राजधानी आहे. एके काळी सोन्याच्या आणि हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या या डोंगराळ राज्यातील माणसे जपून बोलणारी, जपून खर्च करणारी आणि आपल्या मनाचा ठाव सहसा लागू न देणारी समजली जातात. ब्राझीलच्या इतर भागांतील लोक त्यावरून त्यांची थट्टाही करतात. तोस्ताओ हे पुरेपूर त्या मातीचे.

वडील बँकेत नोकरी करत. नोकरदार आणि कामगार कुटुंबांसाठी बांधलेल्या एका मोठ्या वसाहतीत हे कुटुंब राहत असे. वडिलांना फुटबॉलचा नाद होता आणि तोच मुलांमध्ये उतरला. वसाहतीतील मोकळ्या जागेत मोठ्या मुलांचे सामने चालत. एदुआर्दो जेमतेम सहा-सात वर्षांचा असताना त्या मुलांबरोबर खेळू लागला. वयाने आणि चणीने तो सर्वांत लहान. म्हणून मुलांनी त्याचे नाव ठेवले ‘तोस्ताओ’.

तोस्ताओ हे ब्राझीलमधील एका जुन्या नाण्याचे नाव. पूर्वीच्या चलनात ते शंभर रेइसचे असे. आपल्याकडील जुन्या पिढीची माणसे चवली-पावली म्हणत, तशातले हे किरकोळ नाणे. १९४२ साली ब्राझीलने रेइस हे चलन मोडीत काढून ‘क्रुझेरो’ हे नवे चलन आणले, तेव्हा नव्या हिशेबात तोस्ताओची किंमत एक दशांश क्रुझेरो एवढी ठरली. नाणे व्यवहारातून गेले, तरी लोकांच्या तोंडी त्याचे नाव राहिले. पुढे हा मुलगा ज्या क्लबकडून खेळून प्रसिद्धीस आला, त्या क्लबाचे नावही योगायोगाने क्रुझेरोच होते. इटलीहून आलेल्या लोकांनी १९२१ साली स्थापन केलेल्या या क्लबाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपले इटालियन नाव टाकावे लागले. दक्षिणेच्या आकाशात दिसणाऱ्या, मराठीत ज्याला त्रिशंकू म्हणतात, त्या तारकासमूहावरून त्याने १९४२ मध्ये नवे नाव घेतले. चलनाचे नावही त्याच ताऱ्यांवरून आलेले. अशा रीतीने तोस्ताओ हे सुटे नाणे क्रुझेरोच्या पदरी जाऊन पडले.

पेलेंच्या संघावर मात

बालवयात क्रुझेरोच्या सभागृहातील फुटबॉल, मग अमेरिका या दुसऱ्या स्थानिक क्लबाच्या कुमार संघातील थोडा काळ, आणि १९६३ मध्ये पुन्हा क्रुझेरो, असा त्यांचा प्रवास झाला. तोवर ब्राझीलच्या फुटबॉलचे केंद्र रिओ दी जानेरो आणि साओ पावलो या दोन महानगरांत होते. मिनास जेराइसच्या संघांकडे तेथील क्रीडापत्रकार फारसे लक्ष देत नसत. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये बेलो ओरिझोंते येथे ‘मिनेराओ’ हे प्रचंड स्टेडियम उघडले आणि त्याच सुमारास क्रुझेरोचा एक तरुण संघ आकारास आला. तोस्ताओ, दिर्सेउ लोपेस, पियाझा अशी विशी ओलांडत असलेली ही मुले. १९६५ ते १९६९ अशी सलग पाच वर्षे त्यांनी राज्याचे अजिंक्यपद सोडले नाही.

तोस्ताओ डाव्या पायाने खेळत. वेग बेताचा, उंची बेताची, अंगात बळ विशेष नाही. परंतु चेंडू आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो पुढे कोठे द्यायचा, हे त्यांनी हेरून ठेवलेले असे. स्वतः गोल करावा की दुसऱ्याला करू द्यावा, याचा निर्णय ते क्षणार्धात घेत आणि तो क्वचितच चुके. तरीही त्यांनी केलेले गोल इतके आहेत की क्रुझेरोच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून आजही त्यांचेच नाव घेतले जाते.

१९६६ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधील विश्वचषक स्पर्धेसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. लिव्हरपूल येथे हंगेरीविरुद्धच्या सामन्यात जायबंदी पेले मैदानाबाहेर होते. त्या सामन्यात ब्राझीलचा एकमेव गोल तोस्ताओंनी केला. पण ब्राझील १–३ असे हरले आणि पुढचा सामनाही गमावून पहिल्याच फेरीत परतले. दोन वेळा विश्वविजेता ठरलेल्या संघाला हा मोठा धक्का होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र एक अघटित घडले. राज्याराज्यांतील विजेत्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत क्रुझेरोची गाठ पेलेंच्या सान्तोसशी पडली. सान्तोसने ही स्पर्धा त्याआधी सलग पाच वर्षे जिंकली होती. ३० नोव्हेंबर रोजी मिनेराओवर पहिला सामना झाला. मध्यंतराला क्रुझेरो ५–० ने पुढे होते आणि सामना त्यांनी ६–२ असा जिंकला. आठवड्याने साओ पावलो येथील पाकाएम्बु मैदानावर दुसरा सामना झाला. तेथे सान्तोसने पूर्वार्धात दोन गोल चढवले. सान्तोस जिंकणार हे गृहीत धरून मध्यंतरातच तिसऱ्या, निर्णायक सामन्याची तारीख ठरवण्याची बोलणी यजमानांकडून सुरू झाली, असे सांगितले जाते. त्याने दुखावलेला क्रुझेरोचा संघ उत्तरार्धात उतरला. तोस्ताओंना पेनल्टी मिळाली आणि ती त्यांनी वाया घालवली. एखादा तरुण खेळाडू तेवढ्याने खचला असता. थोड्याच वेळात त्यांनी फ्री किकवर गोल केला. मग दिर्सेउ लोपेसने बरोबरी साधली आणि अखेरच्या मिनिटांत नाताल या खेळाडूने विजयी गोल केला. क्रुझेरो ३–२ ने जिंकले. ब्राझीलच्या फुटबॉलचे मानचित्र त्या दोन सामन्यांनी बदलले. वर्तमानपत्रे तोस्ताओंना ‘गोरा पेले’ म्हणू लागली. स्वतः तोस्ताओ ही तुलना कधी मनावर घेत नसत. पेलेंची बरोबरी कोणाशीच होऊ शकत नाही, अशीच त्यांची धारणा राहिली.

एक चेंडू आणि एक डोळा

१९६९ मध्ये पत्रकारितेतून आलेले परखड स्वभावाचे ज्वाओ साल्दान्या ब्राझीलचे प्रशिक्षक झाले. पेले आणि तोस्ताओ या दोघांभोवती त्यांनी संघ उभा केला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील सहाही सामने ब्राझीलने जिंकले. त्या सहा सामन्यांत तोस्ताओंनी दहा गोल केले, पेलेंनी सहा. मेक्सिकोला जाणाऱ्या संघात कोणाचे स्थान निश्चित असेल, तर ते तोस्ताओंचे, असे सर्वांनाच वाटत होते.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी साओ पावलोच्या पाकाएम्बु मैदानावर क्रुझेरो आणि कोरिन्थियन्स यांचा सामना होता. चेंडू दूर घालवण्यासाठी प्रतिस्पर्धी बचावपटूने जोराने लाथ मारली आणि तो जवळून थेट तोस्ताओंच्या डाव्या डोळ्यावर आदळला. हा निव्वळ अपघात होता. तपासणीत कळले की डोळ्याचे दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटले आहे. डोळ्याच्या आतल्या मागच्या बाजूस अस्तरासारखा असलेला हा पातळ पडदा. त्यावर उमटलेले चित्र मेंदूकडे जाते. हा पडदा आपल्या आधारापासून अलग झाला, तर त्याचे पोषण थांबते आणि तो वेळेत पुन्हा बसवला नाही तर दृष्टी कायमची जाते.

अमेरिकेतील ह्युस्टन शहरात रॉबेर्तो आब्दाल्ला मौरा हे नेत्रशल्यविशारद काम करत होते. तेही मूळचे मिनास जेराइसचे. ऑक्टोबरच्या प्रारंभी त्यांनी तोस्ताओंवर शस्त्रक्रिया केली. ती यशस्वी झाली. परंतु पुढचे कित्येक महिने खेळणे तर राहोच, जोराने धावण्यासही मनाई होती. विश्वचषक आठ महिन्यांवर आला होता. बावीस वर्षांच्या तरुणापुढे आता दोन प्रश्न होते. पुन्हा खेळता येईल काय, आणि खेळलो तर डोळा राहील काय?

मेक्सिकोतील सहा सामने

१९७० च्या मार्चमध्ये साल्दान्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि मारिओ झागालो प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून दोन विश्वचषक जिंकलेले झागालो हिशेबी गृहस्थ होते. पेले आणि तोस्ताओ हे एकाच प्रकारचे खेळाडू आहेत, दोघांना एकत्र खेळवता येणार नाही, असे त्यांचे प्रथम मत होते. शिवाय तोस्ताओंच्या डोळ्याची खात्री कोण देणार? पात्रता फेरीत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आता राखीव ठरण्याची चिन्हे दिसू लागली.

या प्रसंगी तोस्ताओंनी जे केले, त्यात त्यांचा स्वभाव दिसतो. अगदी पुढे, प्रतिस्पर्धी बचावपटूंच्या मधोमध खेळणे त्यांना ठाऊक नव्हते. क्रुझेरोमध्ये ते थोडे मागे राहून खेळत. तेथे एव्हाल्दो नावाचा सहकारी पुढे राहून बचावपटूंना गुंतवून ठेवी आणि तोस्ताओ व दिर्सेउ यांच्यासाठी वाट मोकळी करी. एव्हाल्दो माझ्यासाठी जे करतो, ते मी पेले आणि जैर्झिन्यो यांच्यासाठी करीन, असे तोस्ताओंनी ठरवले. म्हणजे स्वतःचे गोल कमी होणार हे जाणूनच त्यांनी ही जागा पत्करली. झागालोंनाही ते पटले. जैर्झिन्यो, तोस्ताओ, पेले, रिव्हेलिनो आणि मागे जेर्सन, अशी ती पुढे अजरामर झालेली रचना झाली.

चेकोस्लोव्हाकियावर ४–१ असा विजय मिळवून ब्राझीलने प्रारंभ केला. दुसरा सामना ७ जून रोजी ग्वादालाहारा येथे तत्कालीन विश्वविजेत्या इंग्लंडशी होता. भर दुपारच्या उन्हात तासभर कोणालाही गोल करता आला नाही. तोस्ताओंच्या जागी दुसरा खेळाडू उतरवण्याची तयारी मैदानाबाहेर सुरू झाली होती. ती त्यांच्या नजरेस पडली. तेवढ्यात डाव्या बाजूला चेंडू त्यांच्याकडे आला. त्यांनी एकामागून एक बचावपटूंना हुलकावणी दिली, इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूर याच्या दोन्ही पायांमधून चेंडू काढला आणि गर्रकन वळून तो मध्यभागी पेलेंकडे पाठवला. पेलेंनी तो हलकेच उजवीकडे सारला आणि जैर्झिन्योने गोल केला. सामना त्याच एका गोलवर संपला. नोंदवहीत नाव जैर्झिन्योचे लागले. पण तो गोल कोणी घडवला हे पाहणाऱ्यांना ठाऊक होते.

पुढे रुमानियावर ३–२ असा विजय मिळाला. उपउपांत्य फेरीत ब्राझीलचेच माजी नामवंत खेळाडू दिदी यांनी घडवलेल्या पेरूच्या संघाला ब्राझीलने ४–२ असे हरवले. त्यात तोस्ताओंचे दोन गोल होते, आणि संपूर्ण स्पर्धेत त्यांनी केलेले गोल एवढेच. उपांत्य सामन्यात गाठ उरुग्वेशी पडली. १९५० साली मायदेशात याच उरुग्वेकडून झालेला पराभव ब्राझीलच्या लोकांच्या मनात सलत होता. उरुग्वेने पहिला गोल केला तेव्हा ती जुनी भीती जागी झाली. मध्यंतराच्या तोंडावर तोस्ताओंनी डावीकडून अचूक चेंडू दिला आणि क्लोदोआल्दोने बरोबरी साधली. अखेर ब्राझील ३–१ ने जिंकले.

२१ जून १९७० रोजी मेक्सिको शहरातील अझ्तेका स्टेडियममध्ये लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर इटलीविरुद्ध अंतिम सामना झाला. ब्राझील ४–१ ने जिंकले. त्यातील चौथा गोल फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोलांपैकी एक मानला जातो. त्याची सुरुवात कोठून झाली, हे पाहण्यासारखे आहे. आघाडीचा खेळाडू असलेले तोस्ताओ, सामना जवळजवळ खिशात असतानाही, स्वतःच्या संघाच्या बचावक्षेत्रापर्यंत धावत मागे आले आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू परत मिळवला. तेथून तो अनेक पायांतून फिरत पेलेंकडे पोहोचला. तोवर तोस्ताओ पुन्हा पुढे गेले होते. उजवीकडून कर्णधार कार्लोस आल्बेर्तो येत आहे, अशी हाताने खूण त्यांनी पेलेंना केली. पेलेंनी चेंडू तिकडे सारला आणि कर्णधाराने तो जाळ्यात धाडला. गोलच्या आरंभी तोस्ताओ होते आणि शेवटीही होते. गोल मात्र दुसऱ्याचा होता.

सामना संपताच मैदानात घुसलेल्या चाहत्यांनी आठवण म्हणून त्यांच्या अंगावरचे कपडेही काढून नेले. हाती राहिले ते विजेत्याचे पदक. खेळाडूच्या आयुष्यात याहून मोलाची वस्तू दुसरी नसते. तोस्ताओंनी ते पदक आपला डोळा वाचवणाऱ्या डॉक्टर मौरा यांना देऊन टाकले.

सव्विसाव्या वर्षी निवृत्ती

१९७१ साली दक्षिण अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून काराकासच्या ‘एल मुंदो’ या वृत्तपत्राने त्यांची निवड केली. हा मान मिळवणारे ते पहिले खेळाडू. १९७२ मध्ये रिओ दी जानेरोच्या वास्को द गामा क्लबाने ब्राझीलमध्ये तोवर कोणालाही न मिळालेली किंमत मोजून त्यांना घेतले. वय अवघे पंचवीस. आणखी किमान सात-आठ वर्षांची कारकीर्द समोर दिसत होती. जुलै १९७२ मध्ये ते ब्राझीलसाठी अखेरचा सामना खेळले. राष्ट्रीय संघाकडून ५४ अधिकृत सामने आणि ३२ गोल, अशी त्यांची नोंद आहे.

१९७३ च्या आरंभी त्याच डाव्या डोळ्याने पुन्हा दगा दिला. पुन्हा ह्युस्टन, पुन्हा शस्त्रक्रिया. या वेळी डॉक्टरांचा निर्णय स्पष्ट होता. खेळत राहिल्यास डोळा जाण्याचा धोका होता. तोस्ताओ तेव्हा सव्विस वर्षांचे होते. काही क्लबांनी आणि चाहत्यांनी आशा सोडली नव्हती. थोडी विश्रांती घेऊन, डोके जपून, आणखी एक-दोन हंगाम रेटता आले असते, असे वाटणारेही असतीलच. तोस्ताओंनी खेळ थांबवला. डाव्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली, पण दुसरा विश्वचषक खेळण्याच्या मोहाने त्यांनी ती पुन्हा पणाला लावली नाही.

निवृत्त खेळाडूपुढे नेहमीच्या वाटा खुल्या असतात. प्रशिक्षक व्हावे, क्लबाच्या कारभारात शिरावे, जाहिरातींत दिसावे, जुन्या विजयाच्या वर्धापनदिनाला भाषणे करावीत. विश्वविजेत्याला तर हे सारे मागाहून चालत येते. तोस्ताओंनी यातली एकही वाट धरली नाही. त्यांनी पाठ्यपुस्तके उघडली. फुटबॉलमुळे शिक्षण अर्धवट सुटले होते. ते पूर्ण करून प्रवेशपरीक्षेची तयारी करायची होती. लेखाच्या आरंभी आलेला १९७५ मधील तो विद्यार्थी या तयारीतून वर्गात पोहोचला होता.

डॉक्टर एदुआर्दो

मिनास जेराइसच्या केंद्रीय विद्यापीठातून १९८१ साली तोस्ताओ वैद्यकीय पदवीधर झाले. त्यांनी रुग्ण तपासले आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापनही केले. मनाचा आणि शरीराच्या दुखण्याचा संबंध काय, या विषयाची त्यांना विशेष ओढ होती; मनोविश्लेषणाचाही त्यांनी अभ्यास केला. रुग्णालयात ते तोस्ताओ नव्हते. डॉक्टर एदुआर्दो होते.

या काळात फुटबॉलशी त्यांनी जवळजवळ संबंध तोडला. माजी खेळाडूंचे सामने, सत्कार, मुलाखती या सर्वांपासून ते सुमारे वीस वर्षे दूर राहिले. यात कडवटपणा होता असे समजण्याचे कारण नाही. डॉक्टरपुढे बसलेल्या रुग्णाला आपले दुखणे सांगायचे असते, आणि समोरचा माणूस विश्वविजेता आहे ही गोष्ट त्या बोलण्याच्या आड येते. एका व्यवसायाची पत दुसऱ्या व्यवसायात वापरायची नाही, असा हा दंडक होता. व्यापारात जुन्या पेढीच्या नावावर नवे दुकान चालवणारे पुष्कळ असतात. शून्यापासून नवी पत उभी करण्याचा मार्ग अधिक कठीण. तो त्यांनी पत्करला आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापासून अध्यापकापर्यंतची प्रत्येक पायरी चढून पार केली.

पुन्हा मैदानाकडे, हातात लेखणी

१९९४ साली अमेरिकेत विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा दूरचित्रवाणीवर समालोचन करण्याचे निमंत्रण त्यांना आले आणि त्यांनी ते स्वीकारले. ब्राझीलने चोवीस वर्षांनी चषक जिंकला. तोस्ताओंची जुनी ओढ पुन्हा जागी झाली. काही वर्षांतच वैद्यकीय अध्यापन सोडून ते वृत्तपत्रांत नियमित स्तंभ लिहू लागले. ‘फोल्या दे साओ पावलो’सारख्या मोठ्या दैनिकात त्यांचा स्तंभ वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत आला. १९९७ साली त्यांच्या आठवणींचे आणि चिंतनाचे पुस्तक आले. २०१२ साली आलेल्या दुसऱ्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘परिपूर्णता नसते’ असा आहे. ज्यांच्या १९७० च्या संघाला जग परिपूर्ण म्हणते, त्यांनीच हे नाव निवडावे, हे अर्थपूर्ण आहे.

त्यांचे लेखन डॉक्टरच्या तपासणीसारखे असते. आधी लक्षणे, मग कारण, आणि औषधाविषयी फार मोठा दावा नाही. खेळाडूला खलनायक किंवा देव ठरवण्याची घाई त्यांना मान्य नाही. ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये मैदानाच्या मधल्या भागातून खेळ जुळवून आणणारे खेळाडू नाहीसे होत आहेत, हे निदान त्यांनी वारंवार मांडले. मागे फक्त चेंडू हिसकावणारे आणि पुढे फक्त हल्ला करणारे, अशी विभागणी झाली आणि दोहोंना जोडणारा दुवा तुटला, असे त्यांचे म्हणणे. राष्ट्रीय महासंघाच्या कारभारावरही त्यांनी निर्भीडपणे टीका केली. ८ जुलै २०१४ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलला ७–१ असे हरवले, तेव्हा अनेकांना त्या निदानाची आठवण झाली. हा सामना झाला तो मिनेराओवर, जेथे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तरुण तोस्ताओंच्या संघाने सान्तोसला ६–२ असे नमवले होते.

यादीतून वगळलेले नाव

तोस्ताओंच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. विश्वविजेत्या संघांतील खेळाडूंना मोठी रक्कम देण्याची कल्पना ब्राझीलच्या सरकारकडून पुढे आली. पुढे २०१२ मध्ये १९५८, १९६२ आणि १९७० च्या संघांतील प्रत्येक खेळाडूला एक लाख रेआल देण्याचा कायदाही झाला. वृद्धापकाळी हलाखीत असलेल्या काही खेळाडूंना या रकमेचा मोठा आधार होणार होता.

तोस्ताओंनी आपल्या स्तंभातून जाहीरपणे कळवले की माझे नाव या यादीतून काढून टाकावे. एवढी रक्कम मिळवण्यासाठी आपल्याला कित्येक वर्षे काम करावे लागते, हेही त्यांनी लपवले नाही. त्यांची कारणे साधी होती. १९७० च्या विजयाबद्दल खेळाडूंना त्या वेळी चांगले बक्षीस मिळाले होते. ते देणे तेव्हाच फिटले. आता पुन्हा द्यायचे ते सार्वजनिक तिजोरीतून, आणि ते वाटण्याचा अधिकार सरकारला नाही. फुटबॉलच्या विजेत्यांना द्यायचे तर इतर खेळांच्या विजेत्यांनी काय केले? आणि तितक्याच निष्ठेने झुंजूनही जे जिंकू शकले नाहीत, त्यांचे काय? जे माजी खेळाडू खरोखर अडचणीत आहेत त्यांना साहाय्य करावे, खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाची आणि कुटुंबांच्या संरक्षणाची नीट व्यवस्था लावावी, असा त्यांचा आग्रह होता.

ज्यांनी ती रक्कम घेतली, त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही. अनेकांना तिची खरीच गरज होती. तोस्ताओंनी दुसऱ्यांच्या वतीने नकार दिला नाही, फक्त स्वतःचे नाव काढून घेतले. एकदा चुकते झालेले देणे पुन्हा वसूल करू नये, एवढाच त्यामागचा हिशेब होता. विजेत्याचे पदक डॉक्टरला देणारा तरुण आणि यादीतून नाव काढून घेणारे वृद्ध स्तंभलेखक, या दोघांत सुमारे चाळीस वर्षांचे अंतर आहे. माणूस मात्र तोच आहे.

वसाहतीतील मुलांनी सर्वांत लहान म्हणून एका पोराला किरकोळ नाण्याचे नाव दिले. पुढे क्लबांनी त्याच्यासाठी विक्रमी किंमत मोजली, वृत्तपत्रांनी त्याला पेलेंच्या पंक्तीला बसवले, सरकारने लाखाची रक्कम देऊ केली. तोस्ताओंनी स्वतःची किंमत यांपैकी कशावरूनही ठरवली नाही. एक डोळा अधू झाला तेव्हा त्यांनी दुसरी विद्या शिकून घेतली, आणि ती चांगली आत्मसात झाल्यावर जुन्या आवडीकडे लेखणी घेऊन परतले. आपल्या घरातील एखाद्या तरुणाचा चाललेला व्यवसाय अकस्मात बंद पडला किंवा मनाजोगते शिक्षण हुकले, तर त्याला ही गोष्ट अवश्य सांगावी. अठ्ठावीसाव्या वर्षी पहिल्या वर्गात जाऊन बसणारा हा विश्वविजेता त्याला नक्कीच धीर देईल.